सोलरचं पीपीटी: कमिटीला वेगळं, सभेला वेगळं, ऑफिसात वेगळं

ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत राहत असाल तर आयुष्यात कधीतरी प्रेझेंटेशन द्यावंच लागतं. ऐरोली-महापेला नोकरी करणाऱ्यांचं तर ते रोजचंच आहे, पण सोसायटीच्या कमिटीवर गेलात की तिथेही रीडेव्हलपमेंट, सोलर, ईव्ही चार्जिंग काही ना काही निघतं आणि सगळे म्हणतात की तुम्ही ऑफिसात करता ना पीपीटी, मग तुम्हीच सांगा. आणि मग होतं असं की ऑफिसची सवय लागलेला माणूस सोसायटीच्या सभेत तसंच बोलतो, किंवा व्हेंडरने मेल केलेलं चाळीस स्लाईडचं पीपीटी तसंच लावून टाकतो, आणि पंधराव्या मिनिटाला मागच्या रांगेत क्रिकेटचा स्कोअर सुरू.

माझं म्हणणं सोपं आहे. प्रेझेंटेशन विषयाचं बनवायचं नसतं, समोर बसलेल्या माणसांचं बनवायचं असतं. विषय एकच असला तरी ऐकणारे बदलले की सुरुवात बदलते, आकडे बदलतात, कधीकधी स्लाईडच लागत नाही. नुसतं सांगून हे पटत नाही म्हणून एकच विषय घेतो, गच्चीवरचं सोलर, आणि तो वेगवेगळ्या लोकांसमोर कसा मांडायचा ते बघू.

आधी विषयाचा कच्चा माल. समजा सोसायटीच्या गच्चीवर ३० किलोवॅटचं सोलर बसवायचंय. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, म्हणजे ३,००० चौरस फूट. एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतं, म्हणजे रोज १२० आणि महिन्याला ३,६०० युनिट, अर्थात हे वर्षाचं सरासरी गणित, आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगांमुळे कमी मिळतं आणि मार्च-एप्रिल-मे मध्ये भरून निघतं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे ३० किलोवॅटला ५ लाख ४० हजार. अनुदान हवं असेल तर भारतात बनलेल्या सेलचं, ज्याला डीसीआर म्हणतात, तेच पॅनेल घ्यावं लागतं. नेट मीटर, म्हणजे सोलरची बाहेर दिलेली आणि बाहेरून घेतलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, महावितरण लावणार. बास, एवढा माल आहे. आता गंमत बघा.

आधी एका चिठ्ठीवर एक ओळ

लॅपटॉप उघडायच्या आधी एका कागदावर एवढंच लिहायचं: हे लोक खुर्चीतून उठल्यावर काय करायला हवेत? "माहिती द्यायची आहे" हे उत्तर चालणार नाही, माहिती गुगलवर पण आहे. कमिटीने तीन कोटेशनमधून एक निवडायला हवं. सभेने ठरावाला हात वर करायला हवा. ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी बजेटला हो म्हणायला हवं. शेडवर काम करणाऱ्या पोरांनी उद्यापासून छपरावर चढताना बेल्ट लावायला हवा. ही ओळ लिहिता येत नसेल तर प्रेझेंटेशन करूच नका, एक मेल टाका आणि घरी जा, खरंच सांगतो, निम्म्या मीटिंगा वाचतील.

दुसरी गोष्ट म्हणजे या लोकांना आत्ता कशाची भीती वाटते. हे मात्र खुर्चीत बसून कळत नाही, सभेच्या आठवडाभर आधी लिफ्टपाशी, गेटवर, पार्किंगमध्ये चार लोकांना सहज विचारायचं, सोलर येतंय म्हणतात तुम्हाला काय वाटतं. कोणी म्हणतं गच्ची गळेल, कोणी म्हणतं मागच्या वेळी रंगाच्या कामात पैसे वाढले तसंच होणार, कोणी म्हणतं वरच्या मजल्यावाल्यांचाच फायदा. हीच तुमच्या स्लाईडची यादी. व्हेंडरच्या पीपीटीत यातलं एकही नसतं, त्यात त्यांच्या कंपनीचा इतिहास असतो.

कमिटीसमोर

सात-आठ माणसं, सोसायटीच्या ऑफिसात, एक टेबल आणि वर गरगरणारा पंखा. इथे प्रोजेक्टर लावू नका. एका ए-फोर कागदावर तक्ता काढा, तीन कोटेशन शेजारी शेजारी, खाली ओळी: किंमत, पॅनेल डीसीआर आहे का, पॅनेलची आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र, घरचा बॅटरीवाला नव्हे) वॉरंटी किती वर्ष, धुवायचं काम कोणाचं, पैसे कोणत्या टप्प्यात द्यायचे. प्रत्येकाच्या हातात एक प्रत आणि एक पेन. खजिनदार लगेच पेन घेऊन बेरीज तपासायला लागतो, तपासू द्या, त्यात चूक सापडली तरी चांगलं, कारण आता तो कागद त्याचा झाला आणि सभेत तोच तुमच्या बाजूने बोलेल.

इथे बोलायचं कमी आणि विचारायचं जास्त. महावितरणचं कॉमन मीटरचं बिल सोबत ठेवा, त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेलाच असतो, लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे सगळं त्यात येतं. तुमचा वापर महिन्याला २,५०० युनिट असेल तर ३० किलोवॅट कशाला, हा प्रश्न तुम्हीच आधी काढा. दुसऱ्याने काढला तर तुम्ही व्हेंडरचे एजंट ठरता.

सर्वसाधारण सभेत

ही सगळ्यात अवघड. रविवारी सकाळी, कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग पुन्हा सुरू, तोपर्यंत काही लोक चहा पिऊन घरी गेलेले. आजी-आजोबा पुढे, तरुण मंडळी मागे मोबाईलवर, भाडेकरू नाहीतच. मराठी, गुजराती, मल्याळी, हिंदी सगळे. आणि तुमच्याकडे लक्ष टिकण्याची खरी वेळ दहा-बारा मिनिटं.

व्हेंडरची पहिली स्लाईड बहुतेक अशी असते: वर "टेक्नो-कमर्शियल फीजिबिलिटी", खाली बारीक अक्षरात अकरा ओळी, शेवटच्या ओळीत कुठेतरी वॉटरप्रूफिंगचा उल्लेख. ही फाडून टाका. त्याऐवजी तुमच्या गच्चीचा फोटो लावा, खरा, स्वतः काढलेला, पाण्याच्या टाकीची सावली दिसेल असा, आणि त्यावर पॅनेल जिथे येणार तिथे निळे चौकोन. वर एकच वाक्य: "गच्चीला भोक न पाडता सिमेंटच्या ब्लॉकवर स्ट्रक्चर उभं राहील, गळतीची हमी लेखी घेऊ." लेखी घेणार असाल तरच लिहा अर्थात. पहिल्या मिनिटात गळतीचं उत्तर मिळालं की लोक पुढचं ऐकतात, नाहीतर तुम्ही युनिटबद्दल बोलत असता आणि त्यांच्या डोक्यात फक्त ओलावा आलेला बेडरूमचा कोपरा असतो.

मग दुसरी भीती. आमच्या इथे सभेत सी विंगच्या काकूंनी विचारलं होतं, "आणि पापड कुठे वाळत घालायचे?" लोक हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, गच्ची वापरणाऱ्याचा तो अगदी रास्त प्रश्न आहे. सेक्रेटरींनी छान उत्तर दिलं, "काकू, पूर्वेकडचा कट्टा मोकळा ठेवलाय, या फोटोत बघा, आणि पॅनेलची उंची एवढी आहे की खालून वाकायला लागणार नाही." उत्तर फोटोत होतं म्हणून पटलं. तेव्हा फोटोत मोकळी जागा पण दाखवा, नुसते पॅनेल नको.

पैशाची गोष्ट इथे लाखात सांगू नका, "प्रत्येक फ्लॅटला किती" असं सांगा. ६० फ्लॅट असतील तर ५ लाख ४० हजारचं अनुदान म्हणजे फ्लॅटमागे ९,००० रुपये. पण हेही सांगा की अनुदान काम झाल्यावर, मीटर लागल्यावर येतं, आधी पैसे सोसायटीचेच जाणार. हे लपवलंत तर सहा महिन्यांनी तुमचीच सभा भरेल. आणि आकडा नुसता तोंडाने बोलू नका, स्लाईडवर मोठा दिसू द्या, कारण मराठीत अठ्ठ्याहत्तर आणि सत्त्याऐंशी म्हटलं की निम्मा हॉल मनात हिशोब करत बसतो.

भाषेचं म्हणाल तर मराठीत बोला, महत्त्वाचं वाक्य लगेच हिंदीत पुन्हा सांगा. स्लाईडवर दोन भाषा एकत्र कोंबू नका, वाचता येत नाही.

ऑफिसात साहेबांसमोर

आता तोच विषय महापेच्या एमआयडीसीतल्या कंपनीच्या छपरावर. इथे सगळं उलटं. सोसायटीत भीती आधी काढायची, इथे मागणी आधी सांगायची. पहिली स्लाईड: "छपरावर सोलर बसवायला इतके रुपये मंजूर करा, इतक्या वर्षांत वसूल." मागे शांतता नाही पसरत, ते लगेच प्रश्न विचारायला लागतात, आणि तेच हवंय. मोठ्या लोकांकडे तुम्हाला अर्धा तास दिलेला असतो आणि प्रत्यक्षात बारा मिनिटं मिळतात कारण आधीची मीटिंग लांबलेली, त्यामुळे शेवटासाठी काही राखून ठेवलंत तर ते राहूनच जातं.

आणि कंटेंट पण बदलतो. पीएम सूर्यघरचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, कंपनीला ते नाही, तिथे आयकरात सोलरवर ४० टक्के घसारा (डेप्रिसिएशन) मिळतो हा मुद्दा येतो. सोसायटीचं पीपीटी नुसता लोगो बदलून लावणाऱ्यांची इथे लगेच वाट लागते, फायनान्सवाला एकाच प्रश्नात पकडतो. क्लायंट परदेशातला असेल तर लाख-कोटी काढून मिलियन करा, ५ लाख ४० हजार म्हणजे ०.५४ मिलियन, आणि रुपये की डॉलर ते प्रत्येक आकड्याशेजारी लिहा.

बाकी डिटेल सगळं मागे जोडा, अपेंडिक्स म्हणून. विचारलं तरच उघडायचं. स्लाईड शो चालू असताना स्लाईडचा नंबर टाईप करून एंटर दाबलं की पॉवरपॉइंट थेट तिथे उडी मारतं, वीस स्लाईड मागे-पुढे करत "एक मिनिट हां सर" म्हणावं लागत नाही. मागच्या स्लाईडचे नंबर एका कागदावर लिहून समोर ठेवा. आणखी एक बटण लक्षात ठेवा, "बी". ते दाबलं की स्क्रीन काळी होते आणि सगळे तुमच्याकडे बघतात, पुन्हा दाबलं की स्लाईड परत. चर्चा भरकटली की याच्यासारखा उपाय नाही.

शेडवरच्या लोकांसमोर आणि शाळेत

शिफ्टच्या आधी उभ्या उभ्या पाच मिनिटं, यात स्लाईडचं कामच नाही. हातात सेफ्टी बेल्ट घ्या, एकाला पुढे बोलवा आणि त्यालाच घालायला लावा. दोनच गोष्टी सांगायच्या. एक, सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय द्यायचा नाही, तो वरून भक्कम दिसतो आणि वजनाने फुटतो, फळी टाकूनच चालायचं. दोन, खाली मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत करंट असतोच. ही दुसरी गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. शेवटी "समजलं ना?" विचारू नका, सगळे मान हलवतात. "मेन बंद केलाय, आता वायर धरू का?" असं विचारा आणि उत्तर त्यांच्याकडून येऊ द्या.

शाळेत सहावी-सातवीच्या वर्गात बोलवलं तर खेळण्यातलं छोटं पॅनेल आणि त्याला जोडलेली पंख्याची मोटर न्या. खिडकीच्या उन्हात पंखा फिरतो, पोरांना पॅनेलवर हात ठेवायला सांगा, थांबतो. आता टाकीची सावली का टाळायची हे तुम्हाला सांगावं लागतच नाही. आकडा एकच द्या, जास्त नको. आणि बोलताना वर्गशिक्षिकेकडे बघून बोलू नका, ही मोठ्यांची खोड आहे.

सरकारी ऑफिसात, म्हणजे महापालिका किंवा बेलापूरचं कोकण भवन वगैरे, तिथे प्रेझेंटेशनपेक्षा एक पानाची टिपणी चालते, कारण तुमचा विषय शेवटी फाईलमध्येच जाणार. कोणत्या जीआर खाली काय मागतोय ते पहिल्या ओळीत, बाकी जोडपत्रं.

स्लाईड बनवताना

वरचं शीर्षक हे पूर्ण वाक्य हवं आणि त्यात निष्कर्ष हवा. "वीजनिर्मिती" असं नाही, "पावसाळ्यात वीज कमी मिळेल, उन्हाळ्यात भरून निघेल" असं. याचं सगळ्यात वाईट उदाहरण २००३ चं आहे, नासाच्या कोलंबिया अंतराळयानाच्या अपघाताचं, ज्यात कल्पना चावला होत्या. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला, यान वर असताना बोईंगच्या इंजिनिअरांनी नासाला त्याचं विश्लेषण स्लाईडवर दिलं. एका स्लाईडचं मोठ्या अक्षरातलं शीर्षक वाचून वाटायचं की काळजीचं फारसं कारण नाही, आणि खरी धोक्याची गोष्ट, की हा तुकडा आधी ज्या तुकड्यांवर टेस्ट झाल्या त्यांच्यापेक्षा शेकडो पट मोठा होता, ती अगदी तळाच्या ओळीत बारीक अक्षरात. अपघात स्लाईडमुळे नाही झाला, फोममुळे झाला, पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात ती स्लाईड छापली आणि अशा मांडणीवर ताशेरे ओढले. त्यामुळे धोक्याची गोष्ट चौथ्या बुलेटमध्ये टाकत असाल तर थांबा, ती वर घ्या.

ॲपलमध्ये मार्केटिंग केलेल्या गाय कावासाकीचा १०-२०-३० चा नियम बऱ्याच जणांनी ऐकला असेल, १० स्लाईड, २० मिनिटं, ३० पॉइंटचा फॉन्ट. तो मुळात स्टार्टअपवाल्यांनी गुंतवणूकदारांसमोर बोलण्यासाठी होता, आपल्याकडे लोक तो बारशालाही लावतात. माझ्या मते त्यातला ३० चा आकडा तेवढा सगळीकडे पाळावा. आणि देवनागरीत तर ३० सुद्धा कमी पडतं, कारण वरच्या-खालच्या मात्रा-उकारांत जागा जाते आणि अक्षराचं पोट छोटं होतं. ओळींमधलं अंतर पण थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो.

फॉन्ट युनिकोडच वापरा, निर्मला, मंगल, मुक्ता, नोटो काहीही. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडला की "सोसायटी" च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि तुम्ही ज्याच्या लॅपटॉपवर अवलंबून आहात तो नेमका दुसऱ्याचाच असतो. सेव्ह करताना फॉन्ट एम्बेड करायचा, म्हणजे फाईलमध्येच जोडायचा, पर्याय आहे तो टिक करा, आणि काहीही असो एक पीडीएफ मोबाईलमध्ये आणि पेनड्राईव्हवर.

सराव

मनातल्या मनात वाचणं म्हणजे सराव नाही, तोंडाने बोलायला लागतं. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलला अर्धा तास लागतो, कानात इअरफोन घालून हळू आवाजात पूर्ण बोलून बघा, लोकांना वाटतं कोणाशी तरी फोनवर बोलताय, कोणी बघत पण नाही. दारापाशी उभं राहून मात्र करू नका. घरी मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐका, "म्हणजे", "बेसिकली", "ॲक्च्युअली" किती वेळा येतं ते कळेल. ऐकताना लाज वाटते, वाटू द्या.

सगळं पाठ करू नका. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पाठ, मधलं स्लाईडच्या शीर्षकावरून बोलता यायला हवं. पाठ केलेल्या माणसाला मध्ये कोणी "अहो एक मिनिट" म्हटलं की गाडी रुळावरून घसरते, आणि सोसायटीच्या सभेत "अहो एक मिनिट" येणारच.

आवाजाचं एक सांगतो, गडकरी रंगायतनला नाटक बघायला जाल तेव्हा शेवटच्या रांगेत बसा आणि नट कुठे बघून बोलतायत ते बघा. पुढच्या रांगेशी कोणी बोलत नाही. आपण घाबरलो की पहिल्या रांगेतल्या ओळखीच्या चेहऱ्याशीच बोलायला लागतो आणि आवाज तेवढाच उरतो. मागच्या भिंतीपाशी बसलेल्या एका माणसाला धरून बोला.

हॉलमध्ये आणि नंतर

अर्धा तास आधी जा. क्लबहाऊसचा प्रोजेक्टर जुना असेल तर चौकोनी, म्हणजे ४:३ दाखवतो आणि तुमच्या १६:९ च्या स्लाईड वर-खाली काळ्या पट्ट्यांमध्ये बारीक होतात, त्याचा अंदाज आधीच घ्या. लॅपटॉपला फक्त टाईप-सी असेल तर एचडीएमआयचं कन्व्हर्टर स्वतःचं न्या. पडदे बंद करून बघा, उन्हात पिवळं अक्षर दिसतच नाही. व्हॉट्सॲप वेब बंद, नोटिफिकेशन बंद, हे सांगायला नको पण सांगतो. आणि लाईट जाऊ शकते, तेव्हा तो कमिटीला दिलेला एक पानी तक्ता वीस-पंचवीस प्रती छापून ठेवा.

ऑनलाईन असेल तर लोकांचे कॅमेरे बंद असतात आणि तुम्ही भिंतीशी बोलताय असं वाटतं, अशा वेळी दर तीन-चार मिनिटांनी एकाला नाव घेऊन साधा प्रश्न विचारा, त्यानंतर बाकीचे पण जागे राहतात, पुढचं नाव आपलं असेल या भीतीने का होईना.

प्रश्नांच्या वेळी आधी प्रश्न मोठ्याने पुन्हा सांगा, मागे ऐकू गेलेला नसतो. उत्तर येत नसेल तर "गुरुवारपर्यंत ग्रुपवर टाकतो" म्हणा आणि सगळ्यांसमोर वहीत लिहून घ्या. एखादा सदस्य भांडायलाच आलेला असतो, त्याच्याशी वाद घालू नका, त्याचा मुद्दा एका वाक्यात त्याच्यापेक्षा चांगला मांडून दाखवा आणि अध्यक्षांकडे बघा, पुढचं त्यांचं काम.

त्याच रात्री ग्रुपवर पूर्ण पीपीटी टाकू नका, कोणी उघडत नाही आणि ग्रुपमधल्या एकाचं स्टोरेज भरतं ते वेगळंच. एक पानाची पीडीएफ टाका, फाईलचं नाव नीट द्या, म्हणजे "फायनल-फायनल-३" नाही, "सोलर-ठराव-आणि-खर्च" असं, आणि खाली सभेत अनुत्तरित राहिलेले प्रश्न, प्रत्येकापुढे कोण उत्तर देणार आणि कोणत्या वारी.